घणसोलीत नव्यानं आलेल्या सिस्टरसाठी: पहिली नोकरी शोधताना

प्रश्न असा आला आहे: "माझं माहेर खानापूर. बेळगावात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला, कर्नाटक कौन्सिलची नोंदणी आहे. लग्न होऊन घणसोलीत आले त्याला चार महिने झाले. सहा-सात ठिकाणी बायोडेटा दिला, सगळीकडे अनुभव विचारतात. एका नर्सिंग होमने तेरा हजार देतो म्हटलं, पण मूळ सर्टिफिकेटं दोन वर्षं त्यांच्याकडे ठेवायची. एक ब्युरोवाला नोकरी लावायचे पाच हजार मागतोय. घरात नाईट ड्युटी नको म्हणतात. काय करू?"

मी ठाण्यात सत्तावीस वर्षं नर्सिंग करते आहे. त्यातली शेवटची अकरा वर्षं नव्या मुलींच्या मुलाखती घेण्यात आणि त्यांना वॉर्डात उभं करण्यात गेली. मीही बाहेरूनच आले होते, संगमेश्वरहून. त्यामुळे तुझ्या चार महिन्यांत काय काय झालं असेल ते मला कळतं. घरात बसलं की हातातली सवय जाते, आणि त्यापेक्षा जास्त भीती वाटते ती आपण शिकलेलं विसरू याची. सविस्तर लिहिते, सवडीने वाच.

आधी कौन्सिलचं. तुझ्या पत्रात ही गोष्ट एका ओळीत उरकली आहेस, पण तुझी गाडी बहुतेक इथेच अडली आहे. तू कर्नाटकात नोंदणीकृत आहेस. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. लातूरहून किंवा जळगावहून आलेल्या मुलीला हा प्रश्न येत नाही, कारण कौन्सिल तेच राहतं. तुला मात्र राज्य बदललं आहे. मोठ्या हॉस्पिटलात एचआरवाले बायोडेटा चाळताना सगळ्यात आधी नोंदणी क्रमांक बघतात. तिथे कर्नाटक दिसलं की कागद बाजूला जातो, आणि तुला तोंडावर सांगायला सोपं म्हणून "अनुभव नाही" सांगतात. सगळीकडे असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण निम्म्या ठिकाणी नक्की झालं असेल.

यासाठी कर्नाटक कौन्सिलकडे ना-हरकत आणि पडताळणीसाठी अर्ज करायचा, आणि त्याच्या आधारे महाराष्ट्र कौन्सिलकडे नोंदणीचा. दोन्हीकडे अर्ज ऑनलाइन सुरू होतात, पण एक कौन्सिल दुसऱ्याला उत्तर देईपर्यंत आठवडे जातात, कधी महिनेही. म्हणून आज कर. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, डिप्लोमा, कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट, नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नोंदणींची प्रमाणपत्रं, आणि एनयूआयडी, म्हणजे नर्सचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक काढला असेल तर तो, हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेव. ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजातून आणलं नसेल तर गणपतीला माहेरी जायची वाट बघू नकोस, भावाला पाठव. अर्ज केल्याची पोचपावती मिळाली की ती बायोडेटाला जोड आणि वर स्पष्ट लिही: "महाराष्ट्र कौन्सिलकडे नोंदणीसाठी अर्ज केला आहे, अमुक तारीख." ती पावती बघून काही हॉस्पिटलं मुलाखत घेतात आणि नोंदणी हातात आल्यावर रुजू करून घेतात. तोवर "चालतंय हो, कोण बघतंय" म्हणून कोणी वॉर्डात उभं करत असेल तर जाऊ नकोस. काही बरंवाईट झालं तर पहिला प्रश्न नोंदणीचा येतो आणि तेव्हा तुझ्या बाजूने कोणी बोलत नाही.

दुसरी अडचण नावाची. लग्नानंतर आधार कार्डावर सासरचं नाव चढवलंस का? चढवलं नसशील तर थांब. शाळेपासून कौन्सिलपर्यंत तुझं सगळं माहेरच्या नावावर आहे आणि कामाच्या ठिकाणी तेच नाव चालवायला काहीही हरकत नाही. मी आजही माहेरच्याच नावाने सही करते. आधार बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र प्रत्येक ठिकाणी जोडावं लागेल. ते नसेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयातून काढून घे. एका मुलीचं पीएफ खातं एका नावावर, बँक दुसऱ्या नावावर आणि नोंदणी तिसऱ्याच स्पेलिंगवर होती. तिला पहिला पगार तिसऱ्या महिन्यात मिळाला. तेवढे दिवस भाडं कुठून भरायचं याच काळजीत ती ड्युटी करत होती.

आता मूळ सर्टिफिकेटांचं. देऊ नकोस. मूळ कागद दाखवायचे, त्यांनी झेरॉक्सशी ताडून बघायचे आणि तिथल्या तिथे परत घ्यायचे. याबाबतीत मी एवढी ठाम का आहे ते सांगते. १९९८ मध्ये माझी पहिली नोकरी ठाण्यातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये होती. डॉक्टरांनी माझी मूळ गुणपत्रिका आणि नोंदणी कपाटात ठेवून घेतली. सात महिन्यांनी मला मोठ्या हॉस्पिटलचं बोलावणं आलं, कागद तपासणीला आठ दिवसांची मुदत होती. मी रोज डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभी राहायचे. आज चावी नाही, उद्या मॅडम गावाला गेल्यात. कागद मिळाले तेव्हा महिना उलटून गेला होता आणि ती जागा गेली होती. म्हणून सांगते, तेरा हजारांपेक्षाही ती अट जास्त वाईट आहे. नोकरी सोडताना अमुक महिन्यांची नोटीस द्यायची, एवढं लेखी मागितलं तर रास्त आहे, त्यावर सही कर. कागद मात्र आपल्या घरी.

ब्युरोवाल्याला पाच हजार देऊ नकोस. चांगली हॉस्पिटलं उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत आणि त्यांची दारं तुला स्वतःहून ठोठावता येतात. ब्युरो बहुतेक घरच्या पेशंटच्या ड्युट्या देतो. बारा तास एका घरात, शेजारी शिकवायला कोणी नाही, आणि बरेचदा नर्स आणि आया यातला फरक त्या घराला माहीत नसतो. चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर होम केअर करणाऱ्या उत्तम सिस्टर मी बघितल्या आहेत. पहिली नोकरी म्हणून ती घेऊ नये.

याला कारण आहे. माझ्या त्या पहिल्या नर्सिंग होममधून मी दुसरीकडे लागले, तिथल्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते, ड्युटी बदलायची गडबड. मला एक ग्रॅम सेफ्ट्रिॲक्सोन द्यायचं होतं. पावडरची बाटली घेतली, ट्रेमधून पातळ करायला दहा मिलीचा ॲम्प्यूल उचलला, तोडला, सिरिंजमध्ये ओढू लागले. मागून इन्चार्ज सिस्टरांनी माझं मनगट धरलं. काही बोलल्या नाहीत, नुसता ॲम्प्यूल माझ्या डोळ्यांसमोर धरला. ते डिस्टिल्ड वॉटर नव्हतं. पोटॅशियम क्लोराइड होतं. दोन्ही ॲम्प्यूल सारख्याच मापाचे, बिनरंगाचे, एकाच ट्रेमध्ये. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून असं थेट दिलं तर हृदय बंद पडतं. खाटेवरचा माणूस टिफिनमधली पोळी खात होता, त्याला कशाचा पत्ताही नव्हता. आज चांगल्या हॉस्पिटलात पोटॅशियम वेगळं, कुलपात, लाल लेबल लावून ठेवतात आणि देताना दोन नर्स तपासतात. तेव्हा तशी पद्धत सगळीकडे नव्हती, पण सिस्टर होत्या.

म्हणून नोकरी निवडताना पगाराआधी एक गोष्ट विचार: पहिले तीन महिने माझ्या शेजारी कोण असेल? हे मुलाखतीत उघड विचारता येतं. "इंडक्शन किती दिवसांचं आहे? माझ्याबरोबर सीनियर किती दिवस राहतील? वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात?" ज्यांच्याकडे याची उत्तरं आहेत ते लगेच देतात. "जमेल हो हळूहळू" असं ऐकू आलं तर समज की दुसऱ्या दिवसापासून तीस खाटा आणि तू, एवढंच असणार.

कुठे जायचं, ते तुझ्या रेल्वे लाइनवरूनच ठरव. घणसोली ट्रान्स-हार्बरवर आहे, हे तुझं मोठं भाग्य. एका बाजूला ठाणे आणि दुसऱ्या बाजूला वाशी-पनवेल, दोन्हीकडे गाडी न बदलता जाता येतं. वाशीला फोर्टिस हिरानंदानी आणि एमजीएम, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला अपोलो, पुढे कामोठ्याला एमजीएमचंच मोठं हॉस्पिटल, खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक. ठाण्याच्या बाजूला जुपिटर आणि बेथनी. नवख्या मुलीसाठी मला स्वतःला मेडिकल कॉलेजला जोडलेली हॉस्पिटलं, म्हणजे डी. वाय. पाटील, तेरणा किंवा कामोठ्याचं एमजीएम यांसारखी, जास्त पसंत आहेत. तिथे पेशंट भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचे असतात, शिकाऊ डॉक्टर आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी असतात, त्यामुळे प्रश्न विचारण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कॉर्पोरेट हॉस्पिटलात शिस्त आणि कागदपत्रांचा हात चांगला बसतो. दोन्ही चालेल. ॲक्ट्रेकच्या जागा जाहिरातीने भरतात, त्यावर लक्ष ठेव.

जाताना एक कर. बायोडेटा गेटवरच्या पेटीत टाकून किंवा नुसता ईमेल करून येऊ नकोस. सकाळी अकरा-साडेअकराला जा, आठ-नऊला नको, तेव्हा हँडओव्हर आणि राउंड चालू असतात. रिसेप्शनवर "नर्सिंग ऑफिस कुठे आहे, मेट्रन मॅडमना भेटायचं आहे" असं सांग. दहांतून चार वेळा भेट होते. आम्हाला माणसं कायम हवी असतात, कारण आमच्या मुली सतत आखातात, युरोपात, सरकारी नोकरीत जात असतात. समोर उभी असलेली नीटनेटकी मुलगी ईमेलपेक्षा लक्षात राहते.

आणि अनुभव "शून्य" लिहू नकोस. तीन वर्षांत तू कॉलेजात नुसती बसली नव्हतीस. कोणत्या हॉस्पिटलात, किती खाटांच्या, कोणत्या वॉर्डात किती आठवडे पोस्टिंग झालं ते लिही. तुझ्या केस बुकात किती नॉर्मल डिलिव्हरी स्वतः केल्याची नोंद आहे तो आकडा लिही. लेबर रूममध्ये हात बसलेली मुलगी आम्हाला फार मोलाची वाटते. बीएलएसचं, म्हणजे जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं प्रमाणपत्र नसेल तर काढून घे, अमेरिकन हार्ट असोसिएशनचं असेल तर दोन वर्षं चालतं. हेपटायटिस बीच्या लशीचे तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांचे, झालेत का ते बघ आणि कार्ड बरोबर ठेव. हे कार्ड घेऊन येणारी मुलगी मला आधीच अर्धी पटलेली असते, कारण सुई टोचणं ही आपल्या कामातली रोजची भीती आहे आणि तिने ती मनावर घेतलेली दिसते.

मुलाखतीत बहुतेक ठिकाणी आधी छोटा पेपर असतो, मग मेट्रन बोलतात. औषधाचे हिशेब येणारच. पाचशे मिली सलाइन आठ तासांत द्यायचं, सेट वीस थेंबांचा, म्हणजे एका मिलीचे वीस थेंब, तर मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब, आठ तासांची ४८० मिनिटं, उत्तर साधारण एकवीस. हे तोंडपाठ न करता रीत समजून कर, कारण सेट पंधराचा किंवा मायक्रोचा साठ थेंबांचा दिला की पाठ केलेलं कोसळतं. जैविक कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, निळ्या पिशव्या-डबे आणि सुयांसाठीचा पांढरा डबा कशासाठी, हात कधी कधी धुवायचे त्या पाच वेळा, सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० दाब आणि ३० ला २ श्वास, हे चोख हवं.

मी स्वतः मुलाखतीत टेबलावर सलाइनची बाटली आणि सेट ठेवते आणि म्हणते, लाव. सगळ्यांना सेट लावता येतो. मी बघते ते त्याआधीचे दहा सेकंद. मुलगी बाटली उजेडात धरते का, तळाशी काही तरंगतंय का बघते का, एक्स्पायरी वाचते का, हात चोळते का. गेल्या वर्षी एका मुलीने बाटली हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाली, "मॅडम, पेशंटचं नाव सांगितलं नाहीत." त्यानंतर मी तिला दुसरा प्रश्न विचारला नाही. माहीत नसलेलं विचारलं तर "माहीत नाही, सीनियरना विचारून मगच देईन" म्हण. अंदाजाने बोलणाऱ्या मुलीची मला धास्ती वाटते.

"बाळाचा विचार कधी?" असंही विचारतील. नवं लग्न आहे म्हटल्यावर हमखास. विचारू नये, तरी विचारतात. "सध्या कामावर लक्ष आहे" एवढं पुरे, याहून जास्त उत्तर तू कोणाला देणं लागत नाहीस.

पगाराबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने सुचवलं की पन्नासहून कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला निदान वीस हजार मिळावेत, पन्नास ते शंभर खाटांना सरकारी पगाराहून फार तर २५ टक्के कमी, शंभर ते दोनशेंना १० टक्के कमी, आणि दोनशेच्या वर सरकारी पगाराएवढे. या शिफारशी आहेत, त्या दाखवून कोणी पगार वाढवून देणार नाही. पण तेरा हजार हा आकडा किती खाली आहे ते तुला कळावं म्हणून सांगितलं. आकडा ऐकताना "हातात किती येणार" हेच विचार. पीएफ कापला जातो का, पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू आहे का, हे बघ. ईएसआयला तुझ्या पगारातून फक्त पाऊण टक्का जातो, अठरा हजारांवर १३५ रुपये, आणि त्यात उपचारांबरोबर २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा येते. पीएफ-ईएसआयसह अठरा हे रोखीच्या वीसपेक्षा कधीही बरे. नेमणुकीचं पत्र लेखी घे. पुढे अनुभवाचं प्रमाणपत्र त्याच्यावरच मिळतं.

घरच्यांचं म्हणणं नाईट नको. मी त्यांना दोष देत नाही, काळजीच आहे ती. पण नाईटशिवाय वॉर्डातली नोकरी मिळणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावं लागेल. त्यांना प्रवासाची भीती असेल तर हे समजावून बघ: बहुतेक ठिकाणी नाईट आठला सुरू होते, म्हणजे तू संध्याकाळी सातच्या गर्दीत जाशील आणि सकाळी भर उजेडात परत येशील. खरी अवघड ड्युटी इव्हिनिंगची. आठला सुटायचं म्हणतात, हँडओव्हर होऊन निघेपर्यंत पावणेनऊ, नेरूळ किंवा बेलापूरहून घणसोलीला पोचायला साडेनऊ-दहा. त्या ड्युटीला नवऱ्याने स्टेशनवर घ्यायला यावं, एवढं ठरवून घे. एकदा सासूबाईंना घेऊन हॉस्पिटल दाखवून आण. माझ्या सासूबाई पहिल्यांदा वॉर्डात आल्या, सगळे "सिस्टर, सिस्टर" म्हणताना ऐकलं, आणि त्या दिवसापासून नाईटला माझा डबा त्या भरायला लागल्या.

रात्र अजिबातच जमणार नसेल तर राष्ट्रीय आरोग्य अभियानातली शहरी आरोग्यवर्धिनी केंद्रं आणि आपला दवाखाना यांच्या कंत्राटी जागा बघ. स्टाफ नर्सला तिथे महिना वीस हजारांच्या जाहिराती निघाल्या आहेत. तिथे वस्तीतली माणसं, लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी असं मोलाचं काम आहे. दाखल पेशंटचा हात मात्र तिथे बसत नाही, म्हणून मी आधी वॉर्डात वर्ष काढ असंच म्हणेन.

कायम सरकारी नोकरीचा अभ्यास आजपासून बाजूने चालू ठेव. स्टाफ नर्सचा वेतनस्तर ३५,४०० पासून १,१२,४०० पर्यंत आहे. २०२५ मध्ये नवी मुंबई महापालिकेने ६२० आणि ठाणे महापालिकेने १,७७३ पदांची जाहिरात काढली, दोन्हींत नर्सिंगच्या जागा होत्या. अशा भरत्या दरवर्षी येत नाहीत, येतात तेव्हा महिनाभराची मुदत असते. तेव्हा महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी हातात हवी. महाराष्ट्राचा अधिवास लागतो, पण तुझ्यासाठी एक खास तरतूद आहे: महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. तुझं गाव त्या यादीत आहे का बघ आणि असेल तर दाखला माहेरच्या नावाने काढून ठेव. प्रत्येक जाहिरातीतली त्याबद्दलची ओळ नीट वाच.

शेवटी कानडीचं. तू बायोडेटात भाषांपुढे मराठी, हिंदी, इंग्रजी लिहिलं असशील आणि कानडी गाळली असशील, बेळगावकडच्या बऱ्याच मुली तसं करतात. लिही. कलबुर्गी, विजयपूरकडून बांधकामावर आणि खाणीवर आलेली कितीतरी कुटुंबं या पट्ट्यात आहेत. आमच्याकडे लेबर रूममध्ये एक बाई रात्रभर ओरडत होती, कोणाला तिचं कळेना, सगळे म्हणत कळा सोसवत नाहीत. सकाळी निपाणीची एक सिस्टर ड्युटीवर आली, दोन वाक्यं बोलली आणि कळलं की ती बाई कळांबद्दल बोलतच नव्हती. तिचा तीन वर्षांचा मुलगा झोपडीत एकटा राहिला होता. वॉर्डबॉय मामांना रिक्षाने पाठवून त्याला आणलं, तेव्हा ती शांत झाली आणि तासाभरात बाळंत झाली.

कर्नाटक कौन्सिलचा अर्ज या आठवड्यातच भर. पावती आली की नेरूळपासून सुरुवात कर.